मतदानाच्या आदल्या दिवशीचा धुरळा: १९ नोव्हेंबर २०२४ कुणाकुणाला आठवतोय?

खडूफळा (धागाकर्ती)

परवा पुन्हा निवडणूक ड्युटीचा आदेश हातात पडला, या वेळी नगरपालिकेचा. सही करता करता २०२४चा तो मंगळवार आठवला, म्हटलं इथे विचारून बघावं.

विधानसभेचं मतदान बुधवारी, २० नोव्हेंबरला होतं. आम्ही मंगळवारी सकाळी सातपासून साहित्य वाटप केंद्रावर. नाशिक जिल्ह्यातला एक तालुका समजा. मांडवात टेबलं, टेबलांवर मशिनं, आणि ती सुप्रसिद्ध पिशवी, जिच्यात सुतळीपासून लाखेपर्यंत सगळं असतं आणि ऐनवेळी हवी ती वस्तू तेवढी सापडत नाही. मी मतदान अधिकारी क्रमांक १, म्हणजे यादीत नाव शोधून रेघ मारणारी. केंद्राध्यक्ष सर सीलचे नंबर जुळवत होते, मशीन सील करायची एक हिरवी पट्टी कमी भरत होती. दुपारी जेवणाचे डबे उघडले आणि शेजारच्या टेबलावरचे तलाठीभाऊ ओरडले, "विरारला भाजपच्या तावड्यांना हॉटेलात कोंडलंय!"

झालं. हिरवी पट्टी राहिली बाजूला. ज्याच्या त्याच्या फोनवर हॉटेलातली ती ढकलाढकली, पाकिटं, डायऱ्या. संध्याकाळी लाल परीतून गावात पोचलो, शाळेतल्या बाकांवर सतरंज्या टाकल्या, तर रात्री दुसरा बार उडाला: बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा आरोप आणि त्याच्या ऑडिओ क्लिपा. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने.

पहाटे साडेपाचला मॉक पोल. त्याआधी व्हरांड्यात दोन्हीकडचे एजंट एकाच पायरीवर बसलेले. एक विरारचा व्हिडिओ दाखवतोय, दुसरा क्लिप ऐकवतोय, आणि दोघांनाही समोरच्याच्या फोनकडे बघायचं नाहीये. चहा मात्र एकाच किटलीतला. फोन बंद करून बाहेर ठेवा म्हटलं तेव्हा दोघंही एका सुरात "हो बाई".

तर प्रश्न असा, की शेवटच्या दोन दिवसांत फुटणाऱ्या या प्रकरणांनी खरंच कुणाचं मत फिरतं का? आणि पुढे त्यांचं होतं काय? पक्षाची वकिली नको, तुमच्याकडे काय दिसलं ते लिहा.

गप्पगणेश

पहिल्या रांगेत रुमाल टाकून ठेवला आहे.

पापडीचा_पोऱ्या

मी वसईचा, त्यामुळे मला बोलणं भाग आहे.

त्या दुपारी मी ऑफिसात होतो. घरून फोन, विरारवरून येताना पूर्वेला उतरू नको, राडा चाललाय. नालासोपाऱ्याचे तेव्हाचे आमदार क्षितिज ठाकूर आणि त्यांच्या बहुजन विकास आघाडीची (बविआ) पोरं, पक्षाचं चिन्ह म्हणून गळ्यात शिट्ट्या घालून, विवांता हॉटेलात घुसलेली. आत भाजपचे राष्ट्रीय सरचिटणीस विनोद तावडे आणि नालासोपाऱ्याचे उमेदवार राजन नाईक. बविआचं म्हणणं, पैसे वाटप चाललंय. आप्पा, म्हणजे हितेंद्र ठाकूर, तर म्हणाले की तावडे ५ कोटी घेऊन येतायत हे मला भाजपमधल्याच माणसाने आधी कळवलं होतं. तावड्यांचं म्हणणं, मतदानाच्या दिवशी काय करायचं, मशीन कसं सील होतं, हरकत कशी घ्यायची, हे कार्यकर्त्यांना सांगायला आलो होतो, सीसीटीव्ही तपासा.

मग काय झालं ते ज्यांनी टीव्हीवर पाहिलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. काही तास कोंडाकोंडी झाल्यावर दोन्ही बाजू एकाच ठिकाणी पत्रकार परिषदेला बसल्या. आचारसंहितेत बसत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी ती मध्येच थांबवली. आणि शेवटी तावडे, आप्पा आणि क्षितिज एकाच गाडीतून बाहेर पडले! माझी आई टीव्हीसमोर वाटाणे सोलत होती, ती म्हणाली, "एवढं भांडून एका गाडीत? मग उगाच रस्ता कशाला अडवला?"

आता निकाल बघा. नालासोपाऱ्यातून तेच राजन नाईक ३६ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. वसईत खुद्द आप्पा पडले, स्नेहा दुबे पंडित यांच्याकडून, ३,१५३ मतांनी. बोईसरही गेलं. बविआकडे या तीनही जागा होत्या, एकही उरली नाही. ज्यांनी धाड घातली त्यांचीच पाटी कोरी झाली. बाई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे.

हिशेबनीस

पोऱ्या, यावरून धाडीचा उपयोग झाला नाही असं निघतं, धाड चुकीची होती असं नाही. आरोप ५ कोटींचा होता, आयोगाच्या लोकांना हॉटेलात मिळाले सुमारे १० लाख. गुन्हे दोन्हीकडच्यांवर नोंदले. नंतर तावड्यांनी खर्गे, राहुल गांधी आणि सुप्रिया श्रीनेत यांना १०० कोटींची नोटीस पाठवली. म्हणजे आकडा ५ कोटींवरून १० लाखांवर आला आणि तिथून १०० कोटींवर गेला. लेखापरीक्षणात माझं आयुष्य गेलं, असा ताळेबंद कुठे पाहिला नाही.

विधानसभेच्या उमेदवाराची अधिकृत खर्चमर्यादा ४० लाख आहे, हे जाता जाता. आमच्या वॉर्डात नुसत्या मांडववाल्याचं बिल त्याच्या आसपास असेल.

गप्पगणेश

मांडववाला तुमच्या ओळखीचा दिसतोय.

रंकाळ्याकडचा

आमच्या कोल्हापुरात शेवटचे दोन दिवस वगैरे काही नसतंय. आमच्यात अर्ज मागं घ्यायच्या दिवसापासनंच शेवट सुरू हुतो.

४ नोव्हेंबर. उत्तर मतदारसंघ. काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांना तिकीट दिलं, मग ते काढून मधुरिमाराजेंना दिलं. लाटकर बंडखोर म्हणून उभे. आणि माघारीची मुदत संपायला काही मिनिटं असताना मधुरिमाराजेंनीच अर्ज मागं घेतला. सतेज पाटील कलेक्टर कचेरीत सगळ्यांच्या देखत जे भडकले ते अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं. हाताचा पंजाच मशिनवर नाही. मग बंडखोरालाच पाठिंबा, आणि त्याचं चिन्ह प्रेशर कुकर. हात हात म्हणत फिरणारी पोरं दुसऱ्या दिवशी कुकर घेऊन फिरत हुती. आमच्या गल्लीतल्या एका काकूनं विचारलं, "किती शिट्ट्या द्यायच्या?"

त्यातनं जरा सावरतोय तवर ९ तारखेला भाजपचे धनंजय महाडिक बोलले. लाडक्या बहिणीचे १,५०० घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर फोटो काढा, आपण त्यांची व्यवस्था करू. गुन्हा नोंदला, त्यांनी माफी मागितली. सगळ्यांना वाटलं आता बायका चवताळणार. जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या मित्रांकडं गेल्या, ह्यात काय ते समजून घ्या. माझी वहिनी म्हणाली, "बोलणारा काहीबी बोलतोय. खात्यात आलेले खरे."

संत्रानगरी

काटोल राहिलं ना राजेहो. १८ तारखेला इकडे प्रचार थंडावला अन् संध्याकाळीच बातमी, अनिल देशमुखांच्या गाडीवर दगडफेक. नरखेडची सभा आटोपून परत येत होते. पोरगा सलील उभा होता. रक्ताने माखलेला शर्ट, कपाळावर पट्टी, तो फोटो रात्री नऊपर्यंत गावागावात. अन् दहा वाजेपर्यंत दुसरा मेसेज: हे नाटक हाय. माह्या एकाच फॅमिली ग्रुपवर मामांनी पहिला टाकला अन् मावसाजींनी दुसरा. लग्न दहा दिवसांवर होतं, दोघंही वऱ्हाडी. नवरीच्या बापाने ग्रुपच बंद करून टाकला.

सलील पडले, चरणसिंग ठाकूर आले. मत फिरलं का? माहीत नाही. मामा-मावसाजी लग्नात बोलले नाहीत एवढं पक्कं.

चावडी रखवालदार

सूचना: मधले सात प्रतिसाद उडवले आहेत. एकमेकांच्या नेत्यांना ठेवलेली नावं इथे नकोत. विषय शेवटच्या टप्प्यातली प्रकरणं हा आहे.

तर्कटराव

थोडं कायद्याचं, कारण ४८ तास हा आकडा सगळे वापरतात आणि नक्की काय बंद असतं ते फार थोड्यांना ठाऊक असतं.

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६. मतदान संपायच्या वेळेपासून मागे ४८ तास मोजायचे. मतदान बुधवारी सहाला संपणार, म्हणून सोमवारी सहाला भोंगे बंद. सभा नाही, मिरवणूक नाही, टीव्हीवर प्रचार नाही. बाहेरून आलेल्या पुढाऱ्यांनी मतदारसंघ सोडायचा, हा आयोगाचा दंडक. विरारला तावड्यांच्या नुसत्या तिथे असण्यावर प्रश्न आला तो यावरून. छापील वर्तमानपत्र मात्र या कलमात नाही. म्हणून मतदानाच्या सकाळी तुमच्या दारात पानभर जाहिरात पडते, फक्त तिला आधी समितीची मान्यता लागते.

गंमत पुढे आहे. मला मत द्या असं मंगळवारी म्हणता येत नाही. पण समोरचा चोर आहे असं पत्रकार परिषद घेऊन म्हटलं की ती 'बातमी' होते. १९ तारखेच्या रात्री माजी पोलीस अधिकारी रवींद्रनाथ पाटील यांचा आरोप आणि त्या क्लिपा घेऊन भाजपचे प्रवक्ते सुधांशु त्रिवेदी बसले, तेव्हा ती सभा नव्हती, जाहिरातही नव्हती. प्रचार बंद झाल्यावर बोलायला फक्त आरोपच शिल्लक राहतात, आणि उत्तर द्यायला एक रात्र.

उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा कलम १२३(४)खाली भ्रष्ट आचार आहे. पण त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका टाकायची. आणि आपल्या कथेत बघा: तावडे उमेदवार नाहीत, सुप्रिया सुळे खासदार, त्याही उमेदवार नाहीत. उरले नाना पटोले, ते निवडून आले. जिंकलेला माणूस कशाला कोर्टाची पायरी चढेल?

हिशेबनीस

पटोले निवडून आले म्हणून सोडून देऊ नका. साकोलीतून किती मतांनी? २०८! तेव्हाचा काँग्रेसचा प्रदेशाध्यक्ष आणि फरक २०८. त्यातल्या १०५ जणांनी त्या रात्री क्लिप ऐकून उलटं बटण दाबलं असतं तर निकाल फिरत होता. म्हणून काही फरक पडत नाही हे मला मान्य नाही. लाखाच्या फरकात फरक पडत नाही. वसईत ३,१५३ आणि साकोलीत २०८ असताना तो पडूही शकतो, फक्त कुठल्या बाजूला पडला हे मोजायला मशिनला कप्पा नाही.

पापडीचा_पोऱ्या

मान्य. वसईचं मीही घाईत बोललो. तिथे काँग्रेसनेही साठ हजारांवर मतं घेतली होती, तिरंगी लढतीत ३,१५३ कशाने गेले हे कोण सांगणार.

सूरपारखी

क्लिपांबद्दल. मी ध्वनीमुद्रणात काम करतो, पण फॉरवर्ड होऊन दहाव्यांदा दाबली गेलेली क्लिप ऐकून खरी-खोटी ठरवायची माझी टाप नाही. सुप्रिया सुळेंनी आवाज आपला नाही म्हणून आयोगाकडे आणि सायबर शाखेकडे तक्रार केली. बूमसारख्या तथ्य तपासणाऱ्यांनी क्लिपा साधनांतून घातल्या, तर बऱ्याचशा कृत्रिम असण्याची शक्यता दिसली. आणि २० तारखेला सकाळी मतदान करून बाहेर आलेले अजित पवार म्हणाले की आवाज मी ओळखतो. भाऊ म्हणतो आवाज तिचा, बहीण म्हणते माझा नाही, यंत्र म्हणतं बहुधा माणसाचाच नाही. सुप्रियाताईंनी, ते अजित पवार आहेत, काहीही बोलू शकतात, अशा अर्थाचं बोलून विषय मिटवला.

मतदार बिचारा रांगेत उभा. त्याने कान कुणाचे धरायचे?

टेम्सकाठी

लंडनहून. इथे या खेळाला शंभर वर्षं झाली. २९ ऑक्टोबर १९२४ला मतदान, आणि २५ तारखेला डेली मेलने छापलं ते झिनोव्हिएव्ह पत्र: मॉस्कोहून ब्रिटिश कम्युनिस्टांना आलेलं, बंडाला चिथावणी देणारं. मजूर पक्षाचं पहिलंवहिलं सरकार, रॅम्से मॅकडोनाल्ड पंतप्रधान, हातात चार दिवस. हरले. पत्र बनावट होतं असा निष्कर्ष परराष्ट्र खात्याच्या इतिहासकारांनी दिला तो १९९९ साली. पंच्याहत्तर वर्षांनी!

पण मजूर पक्षाची मतं त्या निवडणुकीत घटली नाहीत, उलट दहा लाखांवर वाढली. धुळीला मिळाला तो मधला लिबरल पक्ष. घाबरलेला माणूस पत्र ज्याच्याविरुद्ध होतं त्याला सोडून गेला नाही, मधला आधार सोडून मोठ्या भिंतीकडे पळाला. बाण एकावर, घायाळ तिसराच.

आणि सूरपारखींसाठी: स्लोव्हाकिया, सप्टेंबर २०२३. ३० तारखेला मतदान, त्याआधी तिथेही ४८ तास प्रचारबंदी. त्या बंदीतच विरोधी नेते मिखाल शिमेचका यांच्या आवाजात, मतं विकत घ्यायची बोलणी करणारी क्लिप फिरली. बनावट. पण बंदी असल्यामुळे माध्यमांना ती खोडून काढतानाही हात आखडता घ्यावा लागला. तर्कटरावांनी जे सांगितलं तेच, फक्त थंडी जास्त.

२०१७ला फ्रान्समध्ये मॅक्रॉन यांच्या प्रचारकचेरीतले चोरलेले ईमेल प्रचार संपायच्या घटकेला बाहेर आले. तिथल्या आयोगाने माध्यमांना सांगितलं, छापू नका. बहुतेकांनी मतदान होईस्तोवर खरंच आतला मजकूर छापला नाही. आपल्याकडे असं शक्य आहे?

गप्पगणेश

आपल्याकडे मेसेजवर 'छापू नका' असं लिहिलेलं असतं आणि खाली 'कमीत कमी दहा ग्रुपवर टाका'.

बॅगतपासणीस

त्या बॅगा विसरलात सगळे! ११ नोव्हेंबरला वणीत उद्धव ठाकऱ्यांचं हेलिकॉप्टर उतरलं, बॅगा तपासल्या, त्यांनी स्वतःच शूटिंग करत विचारलं की मोदी-शहांची तपासली का. दुसऱ्या दिवशी औशाला पुन्हा. त्यानंतर स्पर्धाच लागली, फडणवीसांची बॅग तपासल्याचा व्हिडिओ, शिंद्यांची बॅग, अजितदादांच्या पिशवीतून तर फराळाचा डबा आणि चकल्या निघाल्या. मला अख्ख्या निवडणुकीत खात्रीने खरी वाटलेली वस्तू म्हणजे ती चकली. दिवाळी होऊन पंधरवडाही झाला नव्हता, सगळ्यांच्याच घरी डब्याच्या तळाला तेवढ्याच उरल्या होत्या.

रंकाळ्याकडचा

मऊ पडलेल्या.

तर्कटराव

चेष्टा बाजूला. बॅगांचा व्हिडिओ चालला कारण पुढचे आठ दिवस होते. तपासणाऱ्याने उत्तर दिलं, समोरच्यांनी आपल्या बॅगा दाखवल्या, विषय निवला. विरार आणि बिटकॉइनला हे आठ दिवस मिळाले नाहीत. आणि २३ तारखेला निकाल असा एकतर्फी लागला, भाजप एकटा १३२ आणि समोर तिन्ही पक्ष मिळून पन्नाशीच्याही आत, की दुसऱ्या दिवसापासून चर्चा फक्त मुख्यमंत्री कोण आणि ईव्हीएम. पाकिटातल्या दहा लाखांचं पुढे काय झालं हे विचारायला ना हरलेल्यांना वेळ होता ना जिंकलेल्यांना गरज. बाईंचा दुसरा प्रश्न, पुढे काय होतं, तो खरा आहे.

खडूफळा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, रात्री पेपर तपासायचे सोडून.

पायरीवरच्या त्या दोघांचं राहिलं सांगायचं. दिवसभर दोघंही माझ्या डाव्या हाताला बाकावर बसून होते. मी नाव पुकारायची, ते आपापल्या यादीत खूण करायचे. दुपारी अडीचच्या सुमारास एक आजी आल्या, यादीत आडनाव चुकलेलं, ओळख पटेना. तेव्हा दोघांनी मिळून सांगितलं, बाई, या आमच्या गावच्याच, खालच्या आळीतल्या. कुणाला मत देणार हे दोघांनाही बहुतेक ठाऊक असावं. हरकत कुणी घेतली नाही.

सहाला दार लावलं. आतल्यांना चिठ्ठ्या वाटल्या, सव्वासातला शेवटचं मत. केंद्राध्यक्षांनी मशीन बंद केलं आणि १७-सीच्या, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाच्या, प्रती भरायला घेतल्या. क्लिपवाल्याने आपली प्रत चारदा वाचली, आकडा हातावर पेनाने लिहून घेतला, घडी करून खिशात ठेवली. मी सहज विचारलं, "काय हो, सकाळच्या त्या क्लिपचं काय झालं?" तो म्हणाला, "कुठल्या, बाई?" नंतर आठवलं त्याला. म्हणाला, "ती होय, ती डिलीट मारली. फोनमध्ये जागा नव्हती."

गप्पगणेश

अवांतर: नगरपालिकेला व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) नसतो ना? म्हणजे या वेळी ओझं कमी.

खडूफळा

व्हीव्हीपॅट नसतो, पण एका माणसाने तीन-चार मतं द्यायची असतात. प्रत्येकाला मशीनपुढे उभं राहून समजावून सांगावं लागणार. पिशवी तेवढीच आहे. हिरवी पट्टी या वेळी मीच मोजून घेणार.